आक्का, घर आता गुरगुरत नाही

मुक्काम नेकनूर, चैत्रातली टळटळीत दुपार.

तीर्थरूप मनकर्णाआक्काच्या पायांवर धाकट्या भागवतनं डोकं ठेवलं आहे, ते तिथंच राहू दे, कारण मला पुढं बरंच लिहायचं आहे. इकडे मी आणि जानकी ठीक आहोत. माझं बीपी गोळीनं जागेवर आहे. जानकीची कंबर वाळवणाच्या दिवसांत धरते तशी धरली आहे, आणि ती नेहमीप्रमाणे 'कुठं काय धरलीय' म्हणत भरल्या पाट्या उचलते आहे. तुझे गुडघे कसे आहेत? तेल चोळतेस का? शेळी व्याली का, आणि पाठ झाली की बोकड? उन्हाचं रानात जाऊ नकोस, गेलीसच तर पदराखाली ओलं फडकं ठेव, आणि नुसतं पाणी पिऊ नकोस, गुळाचा खडा तोंडात टाकून पी. (योगिता, पोरी, तू अंगणवाडीतून दमून आली असशील, तरी जरा बस. शेजारधर्म म्हणून आक्काला हे पत्र सावकाश वाचून दाखव. कंसातलं मात्र मनात वाच. कंसातलं फक्त तुझ्यासाठी आहे. मधेच थांबलीस की ती 'काय लिवलंय' म्हणून विचारेल, तेव्हा अक्षर लागत नाही म्हणून सांग.)

पत्रच का, फोन का नाही, असं तू म्हणशील. आक्का, फोन तूच उचलत नाहीस. मागच्या खेपेला मी तुला सांगितलं की आवाज पुष्कळ कमी झालाय, तर तू म्हणालीस, "तुझ्यावर इस्वास न्हाई. फोन त्या भांड्यापशी धर." मी साठी उलटलेला माणूस. सगळी हयात एसटी चालवली, मांजरसुंब्याचा घाट धुक्यात उतरवला, डेपोतल्या साहेबांपुढं कधी वाकलो नाही. आणि त्या दिवशी कमोडपुढं ओणवा होऊन त्याच्या तोंडाशी फोन धरून बसलो. जानकीनं शेजारच्या मोरीत बादली ओतली. कमोडनं मोठ्या मनानं 'घुर्रर्र, गुडुप' केलं. तू "ऐकलं" एवढंच बोललीस आणि फोन ठेवलास. तेव्हापासून तुझा फोन ज्वारीच्या पत्र्याच्या डब्यात वाजत असतो, असं मला योगितानं कळवलं. (योगिता, तुझं नाव लिहायला नको होतं. ही ओळ गाळ.)

आता सगळं पहिल्यापासून सांगतो. तुला माहीत असलेलंही सांगतो, कारण तू तुझ्या बाजूनं ऐकलंस आणि मी माझ्या. भावजी गेल्यापासून तू आष्टीकडच्या त्या वाडीत एकटी. आम्ही दर सणाला म्हणायचो, आक्का, आता इकडे राहायला ये, आणि तू दर सणाला म्हणायचीस की तुझ्या घरचा संडास उकिडवं बसायचा, माझे गुडघे वाकत नाहीत. सबब अशी होती की तिच्यापुढं कुणाचंच चालत नव्हतं. म्हणून यंदा आम्ही घरातच खुर्चीचा संडास बांधला. उठताना धरायला भिंतीत लोखंडी दांडा बसवला, थेट एसटीतल्यासारखा. (जानकी म्हणाली होती, रंग तरी दुसरा द्या, आक्कांना तिकीट काढल्यासारखं वाटेल. मी ऐकलं नाही.) महिनाभर आम्ही दोघांनी तो वापरून पाहिला. कुठं हूं नाही की चूं नाही. मग होळी झाल्यावर तू आलीस, कायमचं राहायचं कबूल करून, गाठोडं आणि लोकरीचं सूत कातायची चाती घेऊन. जानकीनं त्या दिवशी पुरण घातलं होतं आणि मी गल्लीत चारचौघांना सांगत फिरलो होतो की आमची आक्का आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू आत गेलीस, इकडे मोरीत जानकीनं धुण्याचं पाणी ओतलं, आणि तुझ्या खालून कुणीतरी गुरगुरलं. तू बाहेर आलीस तेव्हा तुझा चेहरा मी पाहिला आहे. लांडगा आला तरी काठी घेऊन उभी राहणारी बाई तू, पण लांडगा समोरून यायचा. त्यानंतर दिवसभर जेव्हा जेव्हा पाणी ओतलं तेव्हा तेव्हा तो आवाज आला, आणि तिसऱ्या दिवशी तू गाठोडं घेऊन स्टँडवर. तिथं तू मला जे म्हणालीस ते मी विसरलेलो नाही. "भागवत, मी यायच्या आदी ते कदी गुरगुरलं न्हाई म्हणतोस. मी आल्यावरच गुरगुरतंय. म्हंजे तुझ्या घराला मी नको हाय. जनावराला नको असलेला माणूस कळतो, तसं घरालाबी कळत आसंल." मी म्हणालो, आक्का, तो पाइप आहे. तू म्हणालीस, "आवाज गेला की कळव, मग बघू." गाडी निघाली आणि तू खिडकीतून हातही हलवला नाहीस. मला फार वाईट वाटलं. स्टँडवर मी ते दाखवलं नाही, कारण माझे जुने कंडक्टर तिथं चहा पीत उभे होते, पण घरी येऊन मी जेवलो नाही. (योगिता, जानकीचं तर आणखी वेगळंच. तिला वाटतं, बादली तिनं ओतली, म्हणून आक्काला वाटलं असणार की ही भावजयच मुद्दाम गुरगुरवते आहे. ती तेव्हापासून मोरीत तांब्या-तांब्यानं पाणी सोडते, आवाज होऊ नये म्हणून.)

तर त्या दिवसापासून मी इलाजाला लागलो. पहिला मान अर्थातच माझा, कारण इंजिनाचा आजार कानानं ओळखण्यात माझा हात धरणारं आमच्या डेपोत कुणी नव्हतं. मी मोठा स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक पाइपाला लावलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून ऐकलं. निदान लगेच झालं. लाइनीनं हवा धरली होती. डिझेलच्या लाइनीत हवा शिरली की गाडी अशीच गचके खाते. त्यावर उपाय एकच, नट ढिला करायचा आणि हवा निघून जाईपर्यंत थांबायचं. मी पाना घेऊन टाकीकडून येणाऱ्या पाइपाचा नट ढिला केला. हवा निघाली की नाही ते सांगता येत नाही, पण पाणी निघालं. नट परत बसवायला गेलो तर त्याचे आटे गेलेले. तुला आमच्या नळाचं माहीत आहे, आठ-दहा दिवसांनी एकदा येतो आणि आला तरी दमून आल्यासारखा येतो. आदल्याच दिवशी भरलेली सगळी टाकी अंगणातून रस्त्यावर गेली आणि गल्लीतल्या म्हशी येऊन त्यात बसल्या.  

एवढं पाणी वाहिलेलं बघून शेजारचा उत्तरेश्वर आला. उत्तरेश्वर भजनात पखवाज वाजवतो, त्यामुळं त्याला ज्यात त्यात सूर दिसतो. त्यानं कमोडच्या झाकणावर बसून मला बादली ओतायला लावली (कोरड्या टाकीनंतर ही बादली त्याच्याच घरून आणली होती), मान डोलावली आणि म्हणाला, "डाव्या अंगाला कणीक कमी पडली हाय." पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावतात, म्हणजे आवाज खाली उतरतो, हे मला माहीत होतं, पण पाइपाला डावं अंग कुठलं हे माहीत नव्हतं. त्याला होतं. जानकीकडून भिजवलेल्या कणकेचा चांगला मोठा गोळा घेऊन त्यानं तो पाइपाच्या सांध्यावर थापला आणि बोटानं टिचक्या मारत मारत लावून घेतला. आवाज खरोखरच खाली उतरला. आधी नुसतं गुरगुरत होतं, आता भारदस्त झालं, एखाद्या सरपंचानं घसा खाकरावा तसं. उत्तरेश्वरच्या चेहऱ्यावर मोठं समाधान होतं. तरी मी म्हणालो, बाबा रे, मला सूर नको, बंद पाहिजे. तर म्हणाला, "ते माझं काम न्हाई बे. मी वाद्य लावतो, बंद पाडत नसतो." ती कणीक रात्रीतून उंदरांनी खाल्ली आणि उरलेली मुंग्यांनी नेली.

मग जानकीनंच सुचवलं की आपल्या धुळाजीभावजींना विचारा. धुळाजी तुला सांगायला नको, पण योगितासाठी सांगतो, आमचा चुलतभाऊ, अजून मेंढरं राखून आहे, आणि मेंढराच्या पोटाला कान लावून आत काय चाललंय ते सांगतो. त्याची मेंढरं तेव्हा येळंब गावाच्या अंगाला बसली होती. जानकीनं फडक्यात भाकरी बांधून दिली आणि मी सकाळीच चालत निघालो. वाटेत लिंबाखाली बसून फडकं सोडलं, तर गाठ एका झटक्यात सुटली, आणि आक्का, मला एकदम तुझी आठवण आली. तू मला शाळेत धाडायचीस तेव्हा भाकरी अशी बांधायचीस की कुत्र्यानं पळवू नये, पोरांनी चोरू नये, वाटेत सांडू नये. दोन गाठी आणि त्यावर एक उलटी. ती पोरांनाही सुटायची नाही आणि मलाही सुटायची नाही. गुरुजींनी एकदा दातानं प्रयत्न केला होता. मी तसाच उपाशी फडकं घेऊन संध्याकाळी मेंढरांच्या वाड्यावर यायचो, तू मेंढरं सोडून धावत यायचीस, एका बोटानं गाठ सोडायचीस आणि म्हणायचीस, "उपाशी ऱ्हायलास व्हय रे येड्या." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तशीच बांधायचीस. लिंबाखाली मी ती सुटलेली गाठ बघत बसलो आणि भाकरी खायचं जरा राहूनच गेलं.

धुळाजी आला. संडासात जायचं म्हणून त्यानं जोडे बाहेर काढले, हातपाय धुतले आणि पागोटं काढून माझ्या हातात दिलं. मग कमोडच्या बाजूला बसून त्याची कूस थोपटली, कान लावला, पुन्हा थोपटली. "फुगलंय," तो म्हणाला. "हिरवं लई खाल्लंय." मी म्हणालो, धुळाजी, हे हिरवं खात नाही. "मंग काय खातंय?" असं त्यानं विचारलं, आणि मी त्याचं पागोटं ह्या हातातून त्या हातात घेतलं. त्यानं गोडेतेलात हिंग कालवून मागितलं. जानकीनं वर्षाच्या कुरडया-पापड तळायला आणलेल्या घाण्याच्या तेलातनं मोठा तांब्या भरून दिला, कारण आक्का परत येणार असेल तर तेल गेलं तरी चालेल असं ती म्हणाली. धुळाजीनं ते कमोडला हळूहळू पाजलं, वर गळा चोळल्यासारखा पाइप चोळला, आणि सांगितलं, की आता ह्याला संध्याकाळपर्यंत उठवू नका. संध्याकाळी आवाज होता तसाच होता. फरक इतकाच की घरभर हिंगाचा वास सुटला आणि मी आत गेलो तो फरशीवरच्या तेलावरून सरकत थेट भिंतीपर्यंत पोचलो. हातात लोखंडी दांडा आला म्हणून वाचलो. दांडा चांगला मजबूत बसला आहे आक्का, त्याची काळजी नको.

खराखुरा प्लंबर का बोलावला नाही, असं वाटेल. बोलावला की. बीडच्या हरिओम प्लंबरला रोज फोन करतो. तो रोज म्हणतो, "आलोच काका, फाट्यावर हाय." कुठला फाटा हे अजून कळलेलं नाही. एकदा मात्र त्यानं फोनवरच विचारलं होतं, "काका, वरचा हवेचा पाइप मोकळा हाय ना?" मी म्हणालो, बिलकुल मोकळा आहे, गवंड्यानं माझ्यासमोर बसवलाय. वर जाऊन बघितलं नाही, हे खरं. आमच्या गच्चीला अजून जिना नाही, बांबूची शिडी आहे, आणि शिडीच्या तिसऱ्या पायरीवर मला गरगरतं. (योगिता, घाट उतरवणाऱ्या माणसाला शिडी चढवत नाही, हे गल्लीत फक्त जानकीला माहीत होतं. आता तुला.)

तर आता मुद्द्याचं. परवा जानकी कुरडया वाळत घालायला गच्चीवर गेली आणि सगळं कारण सापडलं. कारण अगदीच किरकोळ होतं, लिहिण्यासारखं नाही. आवाज गेला आहे. घर आता गुरगुरत नाही. सकाळी बादली ओता, दुपारी ओता, चिडीचूप. तेव्हा तू मनात काही न आणता निघून ये. जानकीनं तुझी वाकळ उन्हात टाकून ठेवली आहे, तुझ्या चातीला लोकर आणून ठेवली आहे, आणि चहात तुझ्यासारखी सुंठ घालून ती रोज एक कप जास्तीचा करते आणि मग तो मलाच प्यावा लागतो. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद सांग, शेळीला योगिताच्या दारात बांध, आणि घराला कुलूप लावताना दोनदा ओढून बघ.

तुझ्याच हातचं खाऊन वाढलेला,
भागवत

ता. क. – कारण लिहिण्यासारखं नाही असं मी वर म्हणालो, पण जानकी शेजारी उभी आहे आणि म्हणते, लिहा. कमोडच्या मागनं एक उभा पाइप गच्चीच्याही वर जातो. त्याचं तोंड उघडं ठेवतात, म्हणजे पाणी खाली उतरताना त्याला वरून हवा मिळते. ते तोंड बंद झालं की पाणी हवा कमोडमधून ओढून घेतं आणि मग जे होतं ते तू ऐकलं आहेस. जानकी वर गेली तर त्या पाइपाच्या तोंडावर काळ्या घोंगडीचा तुकडा घट्ट बांधलेला. वर हातानं कातलेल्या लोकरीचा दोरा. दोन गाठी आणि त्यावर एक उलटी. आक्का, आपण मेंढरांमागं फिरायचो तेव्हा दिवस मावळला की आई दुधाचं, पाण्याचं, पिठाचं, दिसेल ते उघडं तोंड बांधून टाकायची, विंचूकिडा पडू नये म्हणून, आणि आईनंतर तू. आल्या दिवशी संध्याकाळी तू गच्चीवर गेलीस, भावाच्या घराचं एक तोंड उघडं दिसलं, आणि ते तू बांधून टाकलंस. सांगितलं नाहीस, कारण असल्या कामाचं कुणी सांगत बसत नाही. तेव्हा घराला तू नको होतीस म्हणून ते गुरगुरत नव्हतं. तू त्याचं तोंड बांधलं होतंस, म्हणून ते गुदमरलं होतं.

ता. ता. क. – आमच्या गच्चीला जिना नाही, हे वर आलंच आहे. म्हणजे तू बांबूच्या शिडीनं चढलीस आणि शिडीनंच उतरलीस. गुडघ्यांबद्दल मी ह्याहून जास्त लिहीत नाही.

आणखी एक – आक्का, 'घर आता गुरगुरत नाही' हे मी खोटं लिहिलं. आत्ता हे लिहितानासुद्धा जानकीनं तांब्या ओतला आणि आतून उत्तर आलं. फोनवर तू ऐकलं असतंस, पत्रातून आवाज जात नाही, म्हणून पत्र लिहिलं. घोंगडी अजून वरच आहे. काल मी विळा घेऊन शिडी चढलो. तिसरी पायरी ओलांडली, डोळे मिटून वर पोचलो. खाली जानकी शिडी धरून उभी होती, ती ओरडली, "कापू नका! आक्कांच्या हातची हाय. त्यांनीच यावं आन् सोडावं." तरी मी विळा ठेवला आणि बोटांनी सोडायला बसलो. ऊन डोक्यावर आलं तरी सुटेना. उत्तरेश्वर वर आला, गाठीशी झटला आणि खाली गेला. धुळाजीनं नुसतं बघितलं आणि म्हणाला, "ही थोरलीची गाठ. मी हात लावत न्हाई बे." (योगिता, आता ती पदर डोळ्याला लावेल आणि चुलीचा धूर झाला म्हणेल. तू हो म्हण. सकाळच्या बीड गाडीत तिला ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसव. आणि तिचं गाठोडं तू बांधू नकोस, तिलाच बांधू दे.) शाळेत असताना मला सुटायची नाही तेव्हा मी फडकं तसंच घेऊन संध्याकाळी तुझ्याकडे यायचो. आता घर उचलून आष्टीला आणता येत नाही, म्हणून आक्का, तू ये.